लास्ट किती?

कुर्ल्याला कमानीच्या पुढे, एलबीएसच्या धुळीत
अकरा गाड्या लावून बसतो मी.
सकाळी नौशाद ओल्या फडक्यानं पुसतो,
दुपारी पुन्हा मेट्रोची माती.
तेवढ्यात गिऱ्हाईक येतं.

पहिली लाथ टायरला.
का मारतात, कोण जाणे.
टायर काही बोलत नाही, मी बोलतो:
सिंगल ओनर साहेब, डॉक्टरांची गाडी.
डॉक्टर खरेच होते. जनावरांचे.

मग बॉनेट. आत असे बघतात
जसे नवे बाप सोनोग्राफी बघतात,
कळत काही नाही, मान मात्र हलते.
आणि गाडीत बसायच्याही आधी:
लास्ट किती?
मी सांगतो सव्वातीन.
ते म्हणतात, मेव्हण्याला दाखवून सांगतो.
या शहरात प्रत्येक मेव्हणा मेकॅनिक आहे
आणि एकही मोकळा नाही.

एक बाई पत्रिका घेऊन आल्या.
नंबरची बेरीज आठ. आठ म्हणजे शनी.
पावणेदोन तास, दोन कटिंग, एक लिंबू सरबत, शनी.
एक जण ट्रायलला म्हणून वॅगनार घेऊन गेला,
चेंबूरला बहिणीकडे डबा पोचवला,
तिथून सासूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडलं,
परत येऊन म्हणाला, क्लच जरा हार्ड वाटतो.
नौशाद मागच्या सीटवर होता,
सासूचा मोतीबिंदू त्याला तोंडपाठ.
पेट्रोल माझं.

आणि चोणकर.
चोणकर दर शनिवारी, साडेचारला.
निळ्या सिटीत बसायचे, शून्य-तीन पासिंग,
आरसा आपल्या उंचीला लावून घ्यायचे,
सीट दोन खाचा पुढे,
काच खाली, काच वर.
हॉर्न कधी वाजवला नाही.
मधे ती सिटी विकली गेली.
मला वाटलं, सुटलो.
चोणकर पुढच्या शनिवारी आले,
शेजारच्या आय-टेनचा आरसा लावू लागले.

नौशादला मी शिकवलंय: बूट बघ.
घेणारा आधी आरसीवरचं नाव वाचतो,
डिकीत वाकून स्टेपनी बघतो,
लोनचं विचारताना त्याचा आवाज खाली येतो.
बाकीच्यांना पाणी दे. चहा नको.

रविवारी गाळा बंद.
मी इस्त्रीचा शर्ट घालतो,
कुमुद मोत्याच्या कुड्या,
आणि आम्ही मुलुंडला सॅम्पल फ्लॅट बघायला जातो.
हॉलमध्ये पुठ्ठ्याचा टीव्ही,
फ्रिज उघडला तर आत दिवा लागत नाही.
मी भिंतीवर बोटाचं पेर आपटून बघतो.
का, कोण जाणे.
कार्पेट किती? पार्किंग कितव्या मजल्यावर? पाणी चोवीस तास?
कुमुद ओट्यावर तळवा टेकून उभी,
शेगडी इथे, मिक्सर तिथे,
असं हवेत मांडत बसते. मी घाई करत नाही.
त्यांचा समोसा चांगला असतो. ढोकळा त्याहून.

सेल्सची मुलगी, इति, गळ्यात पट्टा,
मी लास्ट किती म्हटल्यावर हसली
आणि तिनं खाली बघितलं.
माझ्या बुटांकडे.
मग मागे वळून पोऱ्याला म्हणाली,
सरांना पाणी.

परवा चोणकर आय-टेनमध्ये,
मी बाहेर उन्हात, नौशाद वही धरून उभा,
तिचा फोन आला: सर, मग काय ठरलं?
मी म्हणालो, मेव्हण्याला दाखवून सांगतो.
नौशादनं वहीतून मान वर केली.
कुमुद एकुलती, मलाही बहीण नाही,
हे त्याला ठाऊक आहे.

चोणकरांनी काच खाली केली.
"एसी चालतो का हो हिचा?"
मी चावी दिली.
"दहाच मिनिटं," म्हटलं,
"आणि आधी ती काच वर घ्या."