आधी जुनं काढा

शुवैखच्या ऑफिसात गुरुवारी रात्री पावणेदहाला
एकोणतीस मशीनांपैकी सातवं थांबलं.
पहिली सहा नवी होती, मुकाट ऐकत गेली.
ह्याच्या कोपऱ्यात मात्र दोन ढाली शेजारी शेजारी,
एक हिरवी, एक निळी,
आणि माउसचा बाण
वाळूत रुतल्यासारखा.

वाईट काहीच घडलं नव्हतं.
चोर नाही, विषाणू नाही.
नवा राखणदार आला होता
आणि जुन्याला कुणी सांगितलं नव्हतं.

निळा एक फाइल उघडतो, तपासायला.
हिरवा बघतो, कुणीतरी फाइल उघडली. तोही उघडतो.
निळा बघतो, पुन्हा कुणीतरी उघडली.
गोठवलेल्या कोळंबीचं साधं बिल,
चाळीस खोकी, फहाहीलला जाणारी,
दोघांच्या हातात इतकं फिरलं
की पंखा घुरघुरायला लागला.

एका म्यानात दोन तलवारी, असं शाळेच्या फळ्यावर असायचं.
इथे तलवारच नव्हती.
म्यानात म्यान अडकलं होतं.

मग निळ्यानं हिरव्याचं कपाट फोडलं.
आत रोग सापडले.
म्हणजे रोगांचे ठसे, वर्षानुवर्षं जपलेले,
पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून.
चार हजार धोके, निळ्यानं लाल अक्षरांत जाहीर केलं.

वडील मुरुडच्या कस्टममध्ये शिपाई होते.
रात्री कुठली होडी कुठे लागते, माल कुणाचा,
सगळं एका वहीत लिहायचे.
नव्या साहेबाला ती वही सापडली,
आणि तो वडिलांनाच विचारत बसला,
ही नावं तुला कशी माहीत?

आधी जुनं काढा, निळा म्हणतो.
काढायला जावं तर हिरवा पासवर्ड मागतो.
पासवर्ड साजीमोनला ठाऊक,
आणि साजीमोन चार वर्षांपूर्वी कोट्टयमला परत गेला.

हिशेबाच्या खोलीतून उस्ताद रमझी डोकावतो.
"बुक्रा?"
"इन्शाल्ला," मी म्हणतो.
रविवारी आठला ट्रक लागतात.

एक गोष्ट मी इथे कुणाला सांगितलेली नाही.
साल्मियाच्या एका कंपनीनं मला घेतलंय,
एकशेवीस दिनार जास्त.
त्यांचा मंदूब रोज फोन करतो,
आधी जुनं काढ, रिलीज आण.
इथला मंदूब म्हणतो, सही मुदीरची,
आणि मुदीर उन्हाळाभर लंडनला.
दोघांचीही बोलायची पद्धत सभ्य आहे.
दोघंही मला "माय फ्रेंड" म्हणतात.

साजीमोनला फोन लावला. तिकडे सव्वाबारा.
मागे कुणीतरी खोकत होतं.
तो आधी हसला, "अजून आहे तो? मला वाटलं मेला असेल."
मग जरा वेळ काहीच नाही.
मग एकेक अक्षर सांगितलं,
मुलीचं नाव, पुढे आठ आकडे.
कसले रे आकडे?
"घरी जायची तारीख. ठरवलेली."
तो गेला त्याच्या सहा वर्षांनी.
मशीन दर तीन महिन्यांनी विचारायचं, पासवर्ड बदलू का,
हा नको म्हणायचा.

टाइप केलं.
हिरव्यानं शेवटचं विचारलं,
नक्की काढायचं? तुमचा संगणक असुरक्षित होईल.
हो.
मग तो गेला, आणि निळा यायचा होता,
आणि मधली चार मिनिटं पहाऱ्याला कुणीच नव्हतं.
मी नेटची केबल उपटून हातात धरून बसलो.
बाहेर तौझ सुरू झाला होता,
रस्त्यावरचे दिवे पिवळे, मग तपकिरी, मग नुसते अंदाजानं.

निळा आला. कोळंबीचं बिल उघडलं.
बावीस बाकी.
बावीस वेळा ती तारीख टाइप करायची,
दुसऱ्याची.
आठव्या मशीनला कागदावर बघावं लागलं नाही.