पासून, पर्यंत

सभागृहाबाहेरच्या फळीवर
महापौरांची नावं मी लिहितो.
सोनेरी इनॅमल, दोन नंबरचा ब्रश,
रकाने तीन : नाव, पासून, पर्यंत.
नाव आणि पासून एकाच दिवशी भरतो.
पर्यंतसाठी परत बोलावतात,
त्याचं बिल मात्र वेगळं निघत नाही.

तिसऱ्या ओळीत लोटन हिलाल माळी.
ह्या माणसाला मी फळीआधी भिंतींवर लिहिलंय.
तेव्हा अपक्ष, निशाणी नळ.
देवपुरात चाळीस भिंती, फुटाला दोन रुपये, चुना त्याचा.
मी हौसेनं प्रत्येक नळाखाली एकेक थेंब काढला.
निवडणुकीचा साहेब आला, कागद उलगडून म्हणाला,
मंजूर चिन्हात थेंब नाही.
रातोरात चाळीस थेंब पुसले आम्ही.
तो बॅटरी धरून हसत होता :
"भो, सुरुवातच कोरडी शे आपली."

त्याआधी अकरा वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन.
पहाटे तीनला सायकलला लांब चावी बांधून निघायचा,
चावी खड्ड्यात सोडून वरच्या टोकाला कान लावायचा
आणि सांगायचा, पाणी साक्री रोडला पोचलंय
की अजून टाकीतच झोपलंय.
गल्ली नंबर चारमध्ये लग्न निघालं
की पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी लोटनला.

निवडून आला. एका पक्षात गेला, मग दुसऱ्यात,
मग परत पहिल्यात;
मी त्याच्या दारावरच्या पाटीचा रंग खरवडत राहिलो.
महापौर निवडीआधी एकोणचाळीस नगरसेवक
लक्झरीनं दमणला नेले.
तिथून रात्री मला फोन :
"समुद्र पाहिला रे. केवढं पाणी.
एका घोटाच्या कामाचं नाही."

मग फ्लेक्स आले.
त्यात तो फोनवर बोलताना, तो हात जोडताना,
तो मागच्या पिंपळापेक्षा मोठा.
माझ्या ब्रशांचे केस डब्यात कडक झाले.
रस्त्यात दिसलो तर गाडीची काच खाली यायची,
काहीतरी अर्धं बोलणं,
काच वर.

आठ दिवसांआड यायचं ते पाणी पाचावर आणलं,
हे त्यानं केलं.
मेव्हण्याला पाइपांचं कंत्राट दिलं,
हेही त्यानंच.
सभेत एकीनं रिकामी कळशी टेबलावर आदळली.
तो बसून राहिला, घड्याळ बघत.
आधीचा लोटन कळशी पाहूनच उठला असता.

अडीच वर्षं.
मग शाळेतल्या एका पोराला स्टेजवर बोलावून
आरक्षणाची चिठ्ठी काढली, वॉर्ड महिलांचा निघाला.
सत्यभामाबाई उभ्या राहिल्या,
एकशे बारा मतांनी पडल्या,
आणि त्या रात्री, म्हणे, फार दिवसांनी गाढ झोपल्या.
मी जाऊन पर्यंत भरलं.

ह्या चैत्रात गोंदूर रोडनं घरी येत होतो.
पहाट व्हायची होती.
खांबाखाली लोटन, पायजमा, बनियन,
आणि नवा व्हॉल्व्हमन, पोरगाच, कुदळ घेऊन रडकुंडीला.
व्हॉल्व्ह सापडेना. वर काँक्रीट.
कडेला कोनशिला, अक्षरं माझी :
महापौर मा. लोटन हिलाल माळी यांच्या शुभहस्ते.
"आठ इंच," तो म्हणाला. "मीच सांगितलेलं, जाड टाका."
भिंतीपासून सात पावलं मोजली,
चिंच जिथं होती तिथपासून चार.
"इथं फोड."

फुटायला तास लागला.
चावी आत सोडली. तो गुडघ्यांवर बसला
आणि टोकाला कान लावला.
बायका हंडे घेऊन ओट्यांवर आल्या होत्या.
एकीनं, त्याला न ओळखता, विचारलं :
"काय भाऊ, पानी उनं का?"
त्यानं न बघता एक हात वर केला.
सगळ्या गप्प.
मीही सायकल टेकवून उभा.
मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.