अंग

डंडीच्या या तिसऱ्या मजल्यावर सकाळी नऊला मी लॉगिन करते.
जेवणाचं टेबल, हेडफोन, पेन्सिल,
खिडकीच्या कठड्यावर एक सीगल, पावावर डोळा ठेवून.
नाव सांगायचं नाही, नुसता नंबर.
दुभाष्याचे नियम तीन:
काही वाढवायचं नाही,
काही गाळायचं नाही,
आणि समोरची 'मी' म्हणाली की आपणही 'मी'च म्हणायचं.

आज स्विंडनहून डॉक्टर हॅरॉप,
तिच्यासमोर हौसाबाई, वय चौसष्ट,
लेकाला बाहेर बाकावर बसवून आलेली.
पहिली पाच मिनिटं फक्त गुडघे.
गुडघ्यांचं भाषांतर सोपं असतं.
मग खुर्ची करकरली आणि आवाज फोनच्या अगदी जवळ आला:
"बाई, तू म्हराटीच हाईस न्हवं? पोरंबाळं हाईत?
मग ऐक. अंग भाईर येतंय माजं."

शब्दकोशात अंग म्हणजे शरीर.
काय सांगू डॉक्टरला,
शरीरातून शरीर बाहेर येतंय?
इंग्रजीतला शब्द मला पाठ आहे,
धुतलेला, हातमोजे घातलेला.
मराठीत आईनं मला दिले ते
'तिथं', 'खाली', 'तसला त्रास',
सगळे बोटानं दाखवायचे शब्द.
फोनवर बोट दिसत नाही.

मी म्हणाले: माझं गर्भाशय खाली उतरलंय.
योनीतून बाहेर येतं. उकिडवं बसले की हाताला लागतं.
माझं. योनीतून.
मिसळणाच्या डब्याशेजारी, मोठ्यानं.
सीगल उडाला नाही.

कधीपासून?
"धाकटा झाला तवापास्नं. तेराव्या दिशी हंडं उचललं.
अंगावर काढलं मग."
मी म्हणाले, मी सहन केलं.
चुकलंच ते.
अंगावर काढणं म्हणजे सहन करणं नव्हे,
ते दुखण्याला राहायला जागा देऊन
वर भाडंही आपणच भरणं.
पण डॉक्टर पुढच्या प्रश्नावर गेली होती:
खोकताना, शिंकताना, हसताना लघवी होते का?

मी विचारलं.
हौसाबाई खळखळून हसली.
"ह्ये बग, आत्ता हसले. झाली."
मी म्हणाले: हे बघा, मी आत्ता हसले. झाली.
डॉक्टर हसली, मग मलाही आवरेना,
आणि माझं वाक्य
शब्दशः खरं झालं.

नंतरचं मी नीट केलं, खुर्चीत जरा सावरून बसून.
एक कडी असते, सिलिकॉनची, आत बसवतात,
अंग वर तोलून धरते.
"कडी? दाराला असती तशी?"
तशीच, मी म्हणाले. (हे मी वाढवलं.)
"आन येवढी वर्सं कुनी बोललं कसं न्हाई मला?"
हा प्रश्न मी डॉक्टरच्या हाती जसाच्या तसा दिला.
तिकडे कीबोर्ड थांबला.
"सॉरी," डॉक्टर म्हणाली. मी म्हणाले, "चुकलं आमचं."
"तुजं काय चुकलं गं," हौसाबाई म्हणाली,
कुणाला, ते मी विचारलं नाही.

एकतीस मिनिटं. कॉल समाप्त.
फॉर्मवर रकाना: दुभाष्याला मदत हवी आहे का?
नाही.

कपडे बदलले.
कपाटात हिवाळी मोज्यांमागे माझी पाकिटं आहेत,
शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातली,
जिथं ओळखीचं कुणी भेटत नाही.
चार वर्षं. शेजारच्या ट्रॅम्पोलीनवरून लेक हाका मारते,
मी खिडकीतून हात हलवते,
आईचे गुडघे दुखतात म्हणून सांगते.

दहा वाजून पन्नास. दवाखान्याला फोन लावला.
रिसेप्शनवरची मुलगी माझं आडनाव दोनदा चुकली,
मग अदबीनं म्हणाली, दुभाषी लागेल का?
मला हसू येणार होतं. पाय घट्ट आवळले.
नाही, म्हणाले. आहे मी.
कशाबद्दल भेटायचंय?

पेन्सिल खाली ठेवली.
मी, म्हणाले,
आणि पुढचं, नियमाप्रमाणे,
काही न गाळता.