उघाडी

डॉक्टरीणबाईंनी कागदावर यकृत काढलं,
मला ते आमच्या शेताच्या नकाशासारखं दिसलं.
हसुरामला काहीच दिसलं नाही. तो खिडकीतून
अलिबाग स्टँडवरच्या एसट्या मोजत होता.

आतलं मऊ सगळं जून झालंय, त्या म्हणाल्या,
गाठी गाठी. रक्ताला आत शिरता येत नाही.
मी म्हटलं, म्हणजे उघाडीत गाळ बसला.
"उघाडी म्हणजे?"
बांधाच्या पोटातली लाकडी झडप, बाई.
ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडते,
भरतीला खाडीला आत येऊ देत नाही.
चाळीस वर्षं तीच राखली यानं.
ती अडकली की पाणी माघारी फुगतं,
खेकड्यांच्या बिळांतून वाटा काढतं.
"तसंच," त्या म्हणाल्या, आणि पेनाने
अन्ननळीच्या तळाशी फुगीर रेघा ओढल्या.
इथे खांड पडली तर रक्ताची उलटी.
मग गाडीची वाट बघत बसायचं नाही.

मीठ बंद.
मिठागरात जन्मलेल्या माणसाला.
मीठ पाणी धरून ठेवतं, हे आम्हाला कुणी शिकवावं?
रोज सकाळी त्याला जुन्या काट्यावर उभा करते.
काल सत्तावन्न, आज अठ्ठावन्न.
हा किलो भाकरीचा नाही.
दंड काठीसारखे, त्यांच्यामध्ये एवढं पोट,
डोळ्यांच्या कडा हळदीच्या.

गाव म्हणतं, दारू.
तपासात जुनी कावीळ निघाली, 'बी' जातीची,
किती वर्षं रक्तात गप्प बसलेली.
पिणारा तर धाकटा दीर. तो भेटायला येतो, ठणठणीत,
ओट्यावर बसून भावाला उपदेश करतो.
मी चहा टाकते.

"दोन्ही हात पुढे धरा, एसटी थांबवतात तसे."
धरले. पंजे मधेच गळाले, पुन्हा उठले,
वारा पडताना शीड करतं तसं.
अन्नातलं विष गाळलं जात नाही, ते डोक्यात चढतं.
म्हणून ते गोड औषध,
म्हणून दिवसातून तीनदा परसाकडे.
चुकलं एखाद्या दिवशी, तर मला
धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारतो.

दिवसभर झोपतो. रात्री दोनला उठून बॅटरी मागतो.
"अमावास्या आहे. उधाण येईल. उघाडी लावलीस?"
बांध फुटला त्याला अकरा वर्षं झाली.
शेतात आता तिवरं, चिखलात निवट्या.
लावली, मी म्हणते.
तो माझे हात नाकाशी नेतो,
हुंगतो,
म्हणतो, चिखलाचा वास नाही.