अठ्ठ्याहत्तर फेरे

मलप्रभा रेकॉर्ड कंपनीत माझं काम एकच होतं:
गोल लेबलाच्या मधोमध भोक पाडणं.
वय अकरा. महिना चार रुपये,
शिवाय शनिवारी द्रोणभर कुंदा.

शहापुरात, विणकरांच्या गल्लीमागं,
सुताच्या गोदामाला आतून गाद्या ठोकून
निलजकर मालकांनी स्टुडिओ केलेला.
पलीकडं रेल्वेचं गेट.
दोन गाड्यांच्या मधे जेवढी शांतता सापडेल
तेवढ्यात राग उरकायचा.
एका बाजूला सव्वातीन मिनिटं.
कृष्णाबाई सुळेभावीकर म्हणायच्या,
एवढ्यात माझा षड्जसुद्धा जागा होत नाही रे.
मग डोळे मिटायच्या,
आणि तो व्हायचा.

तबल्यावर बसवण्णी.
त्याच्याशी बाई कन्नडात बोलत,
पैशांसाठी मालकांशी मराठीत भांडत,
गात ब्रजात,
आणि सुई उचलायच्या आत घाईघाईनं
आपलं नाव सांगत,
दार ओढता ओढता निरोप द्यावा तसं.

जौनपुरीत एकदा इंजिन शिट्टी मारून गेलं.
पुन्हा घ्यायला मेणाची थाळी उरली नव्हती.
बसवण्णी म्हणाला, असू दे, पंचमात आहे.
तीच सगळ्यात जास्त खपली.
गिऱ्हाईक मागायचं, ती गेटाची जौनपुरी द्या.

मेण मुंबईला जाई. पुण्याला गेज बदले,
हमाल पेटी आपटत.
तिथं दोन मारवे आणि एक खंबावती तडकली.
लेबलं मात्र छापून, भोक पाडून तयार होती.
ती अजून आहेत माझ्याकडं,
साबणाच्या डब्यात.

मग राज्यं नव्यानं आखली.
कोल्हापूरचा दुकानदार लिही, कानडी अक्षर इथं खपत नाही.
धारवाडचा लिही, तुमचं बाळबोध परत न्या.
जिनप्पा कंपोझिटरनं दोन्हीकडचे खिळे जुळवले,
एकाच तबकडीला दोन तोंडं.
भोक मी पाडलं.
दोन्हींत बरोबर मधे,
शपथेवर सांगतो, केसभर हललं नाही.

त्यानंतर लांब वाजणाऱ्या तबकड्या आल्या
आणि सव्वातीन मिनिटांना कुणी विचारेना.
कंपनी बसली. माल किलोवर गेला.
बाई थकबाकी मागायला टांग्यानं आल्या,
मालकांनी खोकाभर त्यांच्याच रेकॉर्डी पुढं केल्या.
बाई म्हणाल्या, मला माझंच काय विकता,
आणि टांग्याचं भाडंही स्वतः दिलं.

गल्लीतल्या बायकांनी त्या गरम पाण्यात बुडवून
काठ वर वळवले, कुंड्या केल्या.
पाणी निथळायला भोक आयतं.

माझ्या खिडकीत एक आहे.
माती बदलताना तळाशी अक्षरं दिसतात:
भोकाच्या अलीकडं कृष्णा,
पलीकडं भावीकर,
मधलं मीच कधीतरी कापलेलं.
ओवा लावलाय तिच्यात. चांगला फोफावतो.
गल्लीत कुणाचा घसा बसला
की दोन पानं नेतात.