चोरून हवा पिणारी

यवतमाळात तिघांनी पाहिली.
पहिल्यानं प्लग बदलले, दुसऱ्यानं कार्बोरेटर
रॉकेलात बुडवून ठेवला दिवसभर,
तिसऱ्यानं काही न बघता
स्क्रू पिळून रेस वाढवून दिली.
म्हणाला, आता मरणार नाही.

मी जनावरांचा डॉक्टर, मला कळायला हवं होतं.
ताप उतरवायचं इंजेक्शन देऊन
निघून जाणारे मीही पाहिलेत,
एक-दोनदा आरशात.

सत्त्याण्णवची एट हंड्रेड. मूळ रंग
आरसी बुकात बघावा लागतो.
उभी राहिली की थरथरते,
गोमाशी बसल्यावर गायीची कातडी थरथरते तशी.
डॅशबोर्डवरचा पेन सरकत सरकत
माझ्या मांडीवर पडतो. मग एक उचकी,
मग काहीच नाही. मागचा ट्रॅक्टर हॉर्न देतो.

बहुतेकदा नॅरोगेजच्या रुळांशी.
तिथून आता आगगाडी येत नाही,
रुळांच्या मधोमध बाभळी गुडघ्याला लागतात,
तरी पाय ब्रेकवर जातोच.

अंबादास मिस्त्री लाडखेडच्या फाट्यावर,
कडुनिंबाखाली. मे महिना, दुपारचे चार.
त्यानं पाना उचलला नाही. विचारलं,
"कवा बंद पडते? थंडी असतांनी का गरम झाल्यावर?
चालता चालता, का उभी राह्यल्यावर?"
तीन महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी सांगू लागलो आणि ऐकू आला
माझाच आवाज, म्हशीच्या मालकासारखा,
नेमकं सोडून सगळं सांगणारा.

मी स्टेथोस्कोप पुढे केला. तो हसला.
लांब पेचकस इंजिनावर टेकवला,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटले. बराच वेळ
फक्त होला घुमत होता
आणि तीन सिलिंडर.

मग इंजिन बंद करून एक प्लग काढला, उन्हात धरला.
चुन्यासारखा पांढरा.
मी जिभा बघतो तसा त्यानं तो बघितला.
"पेट्रोल बरोबर हाय. हवा जास्त.
हे कुठून तरी चोरून हवा पिऊन रायली."

त्याची पोरगी करुणा, अकरावीतली,
सीटवर बसून रेस सांभाळत होती.
तीच म्हणाली, "बाबा, ब्रेक दगडावानी हाय."
तो वळला.
"पुन्हा दाब."

माझ्याकडे सिरिंज मागितली, सुईशिवाय.
भरलं साधं माठातलं पाणी.
नळ्यांवरून थेंब, थेंब,
इथं नाही, इथंही नाही,
आणि बूस्टरकडे जाणाऱ्या जाड नळीच्या वळणाशी
थेंब ओघळलाच नाही, आत गेला.
इंजिनानं क्षणभर सूर बदलला.
नळीच्या पोटाखाली, जिथं बोट पोचतं पण डोळा नाही,
केसाएवढी भेग. इतक्या उन्हाळ्यांनी
रबराची पार सुपारी केलेली.
त्यानं पकडीनं नळी आवळली.
थरथर थांबली.
पेन जागच्या जागी.

नवी नळी अमरावतीहून, सोमवारी.
तोवर? मी बॅग उपसली.
पोट फुगलेल्या बैलाच्या घशात घालायची
जाड रबरी नळी. तिचा वीतभर तुकडा कापून दिला.
करुणानं वास घेतला, नाक मुरडलं,
"हे गाडीले लावता?"

अंबादासनं क्लिपा कसल्या, आणि मग शेवटी
त्या तिसऱ्याचा स्क्रू उलटा फिरवला,
अर्धा फेरा, आणखी पाव,
खोटा जोर उतरेपर्यंत.
पन्नास रुपये घेतले. "नळी त तुमचीच."

परतताना रुळांशी पाय ब्रेकवर गेला.
मागे ट्रॅक्टर. गाडी उभी, चालू.
मी जरा जास्तच थांबलो,
उगाच डावीकडे, उजवीकडे बघत.
त्यानं हॉर्न दिला.