समुद्री कोळसा

हार्टलपूल, त्रेसष्टचा जानेवारी.
दौतीतल्या शाईवर बर्फाची साय,
खिडकीबाहेर समुद्र भांडी घासल्याच्या पाण्यासारखा.
गार्बट बाई आधी चष्मा पुसत, मग नाक,
मग ते जाड पुस्तक उघडत.

शंभर वर्षांपूर्वीची एक पोरकी मुलगी.
मेणबत्तीचं बुटुक चोरल्याचा आळ,
आणि शिक्षा अशी, की महिनाभर
ॲप्रन उलटा घालून गावातून फिरायचं,
शिवण बाहेर, दोरे लोंबते,
म्हणजे पावाच्या दुकानातसुद्धा कळावं
ही कोण ते.

आम्ही रडलो. मी तर फारच.
बाई म्हणाल्या, ऑड्रीचं मन लोण्याचं आहे.
घरी जाऊन सांगितलं तर आईनेही
इस्त्री बाजूला ठेवून डोळे टिपले.
म्हणाली, काय माणसं होती गं तेव्हाची.

विल्फ टिंडेल मागच्या बाकावर बसायचा.
शाळेआधी भरतीच्या रेषेवरून
समुद्राने टाकलेला कोळसा वेचायचा,
मोडक्या बाबागाडीत भरून दारोदार विकायचा.
स्वेटर उलटा घालायचा.
सुलट बाजू काळी झालेली असायची म्हणून,
हे मला कळायला
माझी स्वतःची मुलं शाळेत जावी लागली.

जेवणाची आमची कुपनं निळी, त्याचं पिवळं.
पिवळ्यांची रांग वेगळी,
कुणी मुद्दाम केली नव्हती.
झाली होती.

वाचायची पाळी त्याच्यावर आली त्या दिवशी
तो अर्ध्या पानावर थांबला.
"बाई, हे खोटंय.
बुटुक खिशात कोण ठेवेल? अंगाच्या उबेनं मेण मऊ होतं,
डाग पडतो. ती बुटात ठेवेल."
वर्ग खदखदला.
बाई म्हणाल्या, पुढे वाच.
त्याने वाचलं. चांगलं वाचलं, खरं तर.

मंगळवारी शीला हॉर्नबीचा अर्धा क्राऊन हरवला.
कुणी नाव घेतलं नाही.
नुसत्या माना वळल्या, माझीही,
वाऱ्याने गवत वळावं तशी.
"विल्फ्रेड," बाई अगदी हळू म्हणाल्या,
"बूट काढ."

आत वर्तमानपत्राची घडी निघाली,
घोड्यांच्या शर्यतीचं पान,
टाचेपाशी झिजून आरपार.
दुसऱ्या बुटात तेच पान, उरलेलं अर्धं.
मोजा एकाच पायात.
बाईंनी पुन्हा चष्मा पुसला.
नाणं सापडलं नाही,
तेव्हा नाही, नंतरही नाही,
आणि न सापडण्याचाही अर्थ
दुपारपर्यंत सगळ्यांनी लावून टाकला होता.

पुस्तक मार्चमध्ये संपलं.
शेवटच्या प्रकरणात वकील येतो, खरा चोर रडतो,
मुलीला नवा ॲप्रन, वर मावशीचं घर.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
मागचं बाक तेव्हा रिकामंच असायचं,
तिथे आम्ही कोट ठेवायचो.

पण हे मार्चचं. मला सांगायचंय ते
त्या मंगळवारनंतरच्या शनिवारचं.

आई त्याच्याकडूनच कोळसा घ्यायची. स्वस्त पडायचा.
पैसे हातात द्यायची नाही,
फाटकाशेजारच्या भिंतीवर ओळीने मांडायची,
तो उचलायचा.
आईला वाईट म्हणू नका.
तिच्याही आईचे हात कुणीतरी असेच टाळले होते,
ते तिने मला फार उशिरा सांगितलं.

त्या शनिवारी तिचे हात कणकेत होते.
तिने मला पाठवलं.
तो बाबागाडीपाशी उभा, ओठ निळे,
ओंजळ पुढे केलेली.
थंडीने असेल.
मी नाणी भिंतीवर मांडली.
सवयीनं, असं मी साठ वर्षं म्हणत आलेय.

त्याने ओंजळ मागे घेतली, काखेत दाबली.
"मोजून ठेव," म्हणाला,
"मागाहून कमी भरायला नकोत."

मी मोजली.
मोठ्याने मोजली.